कार्यावरून कारणाकडे

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुमानप्रमाणाविरुद्धचा एक आक्षेप मोठ्या मोकळेपणाने मांडून घेतलेला आहे. नदी फुगलेली दिसली म्हणजे वर डोंगरात पाऊस झाला, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार, आणि झाडीतून केकारव ऐकू आला म्हणजे तेथे मोर आहे, अशी अनुमाने मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. परंतु प्रवाह कोणी अडविला तरी नदी फुगते, वारूळ कोणी मोडले तरी मुंग्या अंडी घेऊन पळतात, आणि नकला करण्यात निष्णात असलेला मनुष्यही मोरासारखा ओरडू शकतो. तेव्हा दिसलेल्या कार्यावरून न दिसलेल्या कारणाकडे जाण्याचा हा मार्गच भरवशाचा नाही, असे प्रतिपक्षाचे म्हणणे आहे. ह्यावर सूत्रकारांचे उत्तर असे की, येथे अनुमान चुकलेले नसून जो हेतूच नव्हे त्याला हेतू मानणारा मनुष्य चुकलेला आहे. आणि भाष्यकार वात्स्यायन ते उत्तर उलगडून दाखविताना सांगतात की, पावसाच्या पुराचे पाणी वेगाने धावते, फेसाळते, पाने, फळे आणि काष्ठे वाहून आणते. नुसती फुगलेली नदी हा पुरावा नव्हे. ह्या विशेषांसह फुगलेली नदी हा पुरावा होय.

डहाणू तालुक्यात कासा येथे सूर्या नदीच्या काठी भर पावसाळ्यात उभे राहिले असता हा जुना वाद अगदी ताजा वाटतो. वर धामणीला धरण झाल्यापासून, पश्चिमेकडचे आकाश निरभ्र असतानाही दरवाजे उघडताच नदी वाढू शकते, आणि धरणातून सोडलेल्या पाण्याला वेगही असतो आणि फेसही असतो. म्हणजे भाष्यकारांनी सांगितलेले विशेषसुद्धा आता पुरे पडत नाहीत, त्यांत आणखी एखाद्याची भर घालावी लागते. कारणे वाढली की विशेष सूक्ष्म करावे लागतात. हे सूत्र माझ्या मनात पक्के बसले ते मात्र नदीकाठी नव्हे आणि न्यायशास्त्राच्या पाठशाळेतही नव्हे, तर तलासरीजवळ राष्ट्रीय महामार्गालगतच्या एका मोटारदुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडमध्ये; आणि ज्यांच्यामुळे बसले त्या वृद्ध मिस्त्रींनी न्यायसूत्रकार गौतमाचे नावही कधी ऐकले नसेल.

ह्या मुलखात मोटारीच्या पुढच्या चाकांतून आवाज येणे ही नित्याची तक्रार आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, जो पूर्वी आठ क्रमांकाचा होता आणि आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा आहे, तो चारोटीवरून तलासरीकडे आणि पुढे आच्छाडला गुजरातच्या हद्दीकडे जातो. त्यावर अवजड मालमोटारींची अहोरात्र वर्दळ, आणि त्याला मिळणारे उधव्याकडचे, गंजाडकडचे, पाड्यापाड्यांना जोडणारे रस्ते चार महिन्यांच्या धुवाधार पावसात खडी उघडी पाडून बसलेले. आजच्या बहुतेक लहान मोटारींचा पुढचा भाग ज्या रचनेवर तोललेला असतो ती अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९४७ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० पासून ती आपल्याकडे घरोघर पोहोचली. स्प्रिंग आणि तिच्या पोटातला शॉक अब्सॉर्बर असा एक उभा खांब, वर त्याला शरीराशी जोडणारे रबरी माउंट आणि बेअरिंग, खाली चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म, त्या आर्मच्या एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट, डावीउजवी बाजू एकमेकींशी बांधणारा अँटी-रोल बार आणि त्याला खांबाशी जोडणारी सडपातळ लिंक रॉड, शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉड, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेकचे कॅलिपर. एवढा परिवार एका हातभर जागेत दाटीने राहतो, आणि त्यांपैकी कोणीही झिजला, तरी त्याचा आवाज लोखंडातून सर्वत्र पसरत असल्यामुळे मालकाच्या कानाला तो एकाच ठिकाणाहून, बहुधा भलत्याच ठिकाणाहून, येत असल्याचे वाटते.

मिस्त्रींचा पहिला दंडक ह्यातूनच निघालेला आहे. गाडी आणणारा मनुष्य डाव्या चाकाकडे बोट दाखवून काही सांगू लागला की ते त्याला थांबवितात आणि म्हणतात, "शेठ, आवाज कुठून येतो ते सांगू नका, केव्हा येतो ते सांगा." मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. 'कुठून' ह्या प्रश्नाच्या उत्तरात मालकाचे अनुमान आधीच मिसळलेले असते. 'केव्हा' ह्याच्या उत्तरात त्याचे प्रत्यक्ष असते. साक्षीदाराने पाहिलेले सांगावे, निकाल सांगू नये, ही न्यायाच्या कचेरीतली शिस्त ह्या गृहस्थांनी चाकाच्या बाबतीत लागू केली आहे, आणि ती लागू केल्याबरोबर भाष्यकारांचे विशेष एकेक करून समोर येऊ लागतात.

सावकाश चालीत, बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर, विशेषतः दोन्ही चाके मागेपुढे खालीवर होत असताना हलका कोरडा टकटकाट होत असेल, तर संशय प्रथम लिंक रॉडच्या टोकांवर जातो, कारण तिला काम पडते ते दोन बाजू असमान हलल्या तरच. ब्रेक दाबताना किंवा गाडी झटक्याने निघताना एकदाच जड 'धप्' होत असेल, तर लोअर आर्मचा बुश फाटून आर्म मागेपुढे सरकत असण्याचा संभव अधिक. गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवले आणि खांबाच्या माथ्याशी करकर होऊन स्प्रिंग मध्येच उसळली, तर वरचे बेअरिंग धरले गेले आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून वेग देताना कट-कट-कट असा तालबद्ध आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढला, तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याकडे पाहावे. आणि वेगाबरोबर चढत जाणारी अखंड घरघर, जी रस्ता गुळगुळीत झाला तरी थांबत नाही, ती चाकाच्या बेअरिंगची; त्यातही डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो आणि घरघर वाढते, उजवीकडे वळताना कमी होते, असे आढळले तर दोष उजव्या चाकात आहे, हे कोणतीही वस्तू उघडून न पाहता सांगता येते. अशा वेळी अनुमानाचे वैभव पाहून मन खरोखर भरून येते. न पाहिलेल्या, तेलाने माखलेल्या, बंद पोलादी कवचातल्या एका गोळीवरचा ओरखडा मनुष्य केवळ भाराच्या विचाराने ओळखतो, ही बुद्धीची केवढी मोठी प्रतिष्ठा आहे!

परंतु मोरासारखा ओरडणारा मनुष्य येथेही आहेच. ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल झाल्या असता खड्ड्यांवर जो खडखडाट होतो, तो लिंक रॉडच्या आवाजापासून निव्वळ कानाने वेगळा काढणे निष्णात माणसालाही कठीण जाते, आणि कित्येक मालक नव्या लिंक रॉड घालून तोच खडखडाट घेऊन परत येतात. ह्यावर मिस्त्रींचा उपाय इतका साधा आहे की तो प्रथम पाहणाऱ्याला उपाय वाटत नाही. ते त्याच खराब रस्त्यावर त्याच चालीने गाडी नेतात आणि ब्रेकवर पाय अगदी हलका, चाक न रोखता, टेकवून ठेवतात. पॅड आवळले गेल्यामुळे खडखडाट थांबला, तर ओरडणारा मोर नव्हता हे ठरले. न थांबला तर दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड सोडवून बाजूला बांधून ठेवायच्या आणि पुन्हा तेवढाच रस्ता सावकाश जाऊन यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व पूर्वीप्रमाणे राहू द्यायचे, आणि मग विचारायचे. आपल्या शास्त्रकारांनी ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटले, ते असले तर असते आणि नसले तर नसते असे पाहणे, त्याचे ह्याहून शुद्ध आचरण मी कोठे पाहिलेले नाही.

आयुर्वेदाने ह्या आचरणाला फार पूर्वीच निदानात मानाचे स्थान दिले आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात रोग जाणण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, म्हणजे निदान, पूर्वरूप, लिंग, उपशय आणि संप्राप्ती, त्यांतील उपशय हे साधन मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. कारण औषध, आहार किंवा विहार देऊन पाहावा आणि आराम पडतो की पीडा वाढते ह्यावरून रोग ओळखावा, असे ते आहे, आणि ज्या व्याधीची लक्षणे गूढ असतील तिच्या बाबतीत तर ह्याच मार्गाने परीक्षा करावी असे चरक स्पष्ट सांगतात. येथे उपचार हा ज्ञानानंतर येणारा नाही, तो ज्ञानाचेच अंग झालेला आहे. ब्रेकवर हलका पाय टेकविणे हा उपशय होय. मात्र त्याची एक अट आहे, आणि ती बौद्धिक असण्यापेक्षा नैतिक अधिक आहे: आराम पडला म्हणजे काम झाले असे न मानता, आराम का पडला हे विचारण्याची तयारी हवी.

ह्या अटीपाशी पुष्कळ मंडळी गळतात. पुढच्या भागातले सर्वच झिजणारे सुटे भाग एकदम बदलले तर आवाज जवळजवळ निश्चित बंद होतो, मालक संतुष्ट होतो, गाडी जागा मोकळी करते आणि बिलही भरघोस होते; पण कारण कोणते होते हे त्या शेडमध्ये कोणालाही कळलेले नसते. ज्याच्या खिशाला हे परवडते त्याच्या बाबतीत हा प्रश्न निव्वळ ज्ञानाचा राहील. तलासरीत मात्र दुरुस्तीला येणारी गाडी बहुधा प्रवासी वाहतुकीची असते. कर्ज काढून घेतलेली, पाड्यावरच्या मजुरांना पहाटे महामार्गावर आणि औद्योगिक वसाहतींकडे पोहोचविणारी, आणि ती एक दिवस उभी राहिली तर एका घराची त्या दिवसाची कमाई बुडते. अशा माणसाकडून न झिजलेल्या सहा वस्तूंचे पैसे घेऊन झिजलेल्या सातवीचा आवाज बंद करणे, ह्याला मी अज्ञान म्हणून सोडून देणार नाही. तो सत्याचा आणि अस्तेयाचा एकाच वेळी झालेला भंग आहे. यमनियमांची चर्चा आपण देवघराच्या आणि आश्रमाच्या संदर्भात करतो, परंतु सत्य आणि अस्तेय ही व्रते अशा ठिकाणी कसोटीला लागतात जेथे दुसऱ्याला खातरजमा करून घेण्याचे कोणतेच साधन नसते. मालक चाकाखाली शिरत नाही. तो आप्तवाक्यावर विश्वासतो. आणि आप्त म्हणजे जो यथार्थ जाणतो आणि जाणले तसेच सांगतो, ही व्याख्या वात्स्यायनांनी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखीच लागू केली आहे.

दोष लपून बसण्याचीही एक रीत आहे, आणि ती न कळल्याने प्रामाणिक माणूसही फसतो. एकच बाजू जॅकवर उचलली की अँटी-रोल बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणली जाते, तिच्या टोकाची ढील नाहीशी होते, आणि हाताने कितीही हलविली तरी ती नव्यासारखी घट्ट लागते; गाडी खाली आली की पुन्हा टकटक. म्हणून लिंक रॉड तपासायची ती दोन्ही चाके जमिनीवर टेकलेली असताना, खड्ड्यात उतरून. बॉल जॉइंटचे ह्याच्या उलट आहे. ह्या रचनेत गाडीचा भार त्याच्यावर येत नाही, तेव्हा चाक अधांतरी ठेवून खाली पहार लावून उचलून पाहिल्याखेरीज त्याची ढील हाताला येत नाही. कोणता दोष कोणत्या भाराखाली प्रकट होतो हे ठाऊक नसलेला परीक्षक, वस्तूला तिच्या नित्य परिस्थितीतून उचलून पाहतो आणि उचलल्यामुळेच ती निर्दोष दिसते. मनुष्याच्या चारित्र्याचे परीक्षणही आपण पुष्कळदा असेच, त्याच्या माथ्यावरचा भार काढून घेऊन, करीत असतो.

आता ह्या सर्व विवेचनाचा धर्मविचाराशी जो संबंध मला मुख्यतः सांगायचा आहे, तो ह्याच भूमीने उभा केलेला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या सीमेवर, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहानमोठे धक्के थव्याने येऊ लागले. धक्क्याबरोबर जमिनीतून आवाज येई, भिंतींना तडे जात, आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला त्या दिवशी घरातून बाहेर पळण्याच्या गडबडीत हळदपाड्याची एक दोन वर्षांची मुलगी प्राणास मुकली. थंडीच्या रात्री माणसे लहान मुलांना घेऊन तंबूत आणि उघड्यावर झोपली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने येथे भूकंपमापक यंत्रे बसविली, आणि त्यांची रीत पाहिली तर ती मिस्त्रींचीच आहे: एका ठिकाणच्या नोंदीवरून, आधी पोहोचणारी आणि मागून येणारी लहर ह्यांतील अंतर मोजून, धक्का किती दूर झाला एवढेच कळते, कोठे झाला हे कळण्यास तीन-चार ठिकाणच्या नोंदींची रुजवात घालावी लागते. ज्याच्या अंगणात आवाज झाला त्याला तो आपल्याच अंगणाखाली झाला असे वाटते.

अशा प्रसंगी मनुष्याच्या मनात एक दुसरे अनुमान उठते, आणि ते फार पुरातन आहे: ही कोणत्या पापाची शिक्षा? १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींसारख्या सत्याच्या उपासकाने तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड होय असे प्रतिपादन केले, आणि रवींद्रनाथांनी त्यास तीव्र हरकत घेतली. भौतिक उत्पाताची कारणे भौतिकच असतात, आणि ही विचारसरणी एकदा मान्य केली तर गांधींचे प्रतिपक्षी तोच भूकंप गांधींच्या सुधारणांच्या माथी तितक्याच सहजतेने मारू शकतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधींनी ती हरकत आपल्याच 'हरिजन' पत्रात प्रसिद्ध केली आणि हा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, ती आपली श्रद्धा आहे, असे उत्तर दिले. दोघांविषयीही माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि अस्पृश्यता हे महापातक होते ह्यात मला तिळमात्र शंका नाही. तरीही ह्या वादात मी निःसंशय रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. जे कार्य कोणत्याही कारणाचा पुरावा म्हणून पुढे करता येते ते कोणत्याच कारणाचा पुरावा नसते. पाप आणि धक्का ह्यांच्यामध्ये पाप असेल तेथे धक्का आणि नसेल तेथे नाही, असा अन्वयव्यतिरेक कोठेही नाही. उलट धक्का प्रथम मातीच्या भिंतींची घरे पाडतो, म्हणजे ज्यांनी पाप करण्याइतकी सत्ता कधी भोगलीच नाही त्यांची.

पापाकडे बोट दाखविले की खरे कारण झाकले जाते, ह्याचा दाखला ह्याच मातीत आहे. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली शेतमजूर एकत्र जमले आणि रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर राबणार नाही असे त्यांनी ठरविले. पिढ्यान्‌पिढ्या वेठ करणाऱ्या माणसाचे दुःख पूर्वकर्माच्या खाती टाकून मोकळे होणे किती सोपे होते, आणि किती धार्मिकही दिसले असते! कारण मात्र जन्मांतरात नव्हते. ते सावकाराच्या वहीत, लग्नासाठी घेतलेल्या कर्जात आणि कसणाऱ्याच्या हातून गेलेल्या जमिनीत होते, आणि ते तेथे आहे हे ओळखताच त्यावर हात घालता आला. ह्याच लढ्यावरचे गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मी त्या दृष्टीने निदानाचा ग्रंथ मानतो. कर्मसिद्धान्ताशी माझे वैर नाही. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना तो मनुष्याला धीर देतो. पण दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना आपण तो उच्चारला की तपास तेथेच बंद होतो, म्हणून दुसऱ्याच्या दुःखाच्या बाबतीत त्याचा उच्चार करण्याचा अधिकार कोणालाच नाही असे मला वाटते.

ह्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की पान्याने काम भागते तेथे पूजेला जागा नाही. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, गुजरातेतूनही माणसे लोटतात, आणि नवी गाडी घेतलेला मनुष्य देवीच्या पायथ्याशी ती उभी करून नारळ फोडल्याखेरीज धंद्याला लावीत नाही. दसऱ्याला मिस्त्रींच्या शेडमध्येही पाने, जॅक आणि पहारी धुऊन, झेंडूची फुले वाहून मांडलेल्या असतात. देवी डोंगरमाथा सोडून पायथ्याशी आली ती चढ चढू न शकणाऱ्या एका गर्भवती भक्तिणीसाठी, अशी येथली कथा आहे. त्या कथेतली देवी भाराखाली दबलेल्या माणसाला दंड करीत नाही. त्याचा भार ओळखून स्वतः खाली येते. अशा देवीपुढे नारळ फोडणाऱ्या मनुष्याने बुश तपासायचा राहू द्यावा, असे त्या भक्तीतून मुळीच निघत नाही. आपल्या हाती नाही ते तिच्या स्वाधीन करावे. हाती आहे तेही तिच्याच माथी टाकणे ही भक्तीतली कसूर होय.

दुरुस्तीच्या अखेरीस मिस्त्री जे करतात त्यात त्यांच्या सगळ्या विद्येची सचोटी मला दिसते. लोअर आर्मचा नवा बुश बसविला तरी त्याचा बोल्ट ते गाडी उचललेली असताना शेवटचा आवळीत नाहीत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनाने बसू देऊन, मग आवळतात, कारण अधांतरी आवळलेला रबर गाडी खाली येताच पिळला जातो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. हे केले काय आणि न केले काय, त्या दिवशी मालकाला कळण्याचा कोणताही संभव नसतो. मग ते चाकांची अलाइनमेंट करून घ्यायला सांगतात आणि मालकाला शेजारी बसवून, सांधे सुटलेल्या त्याच रस्त्यावर, त्याच चालीने, स्वतः गाडी नेतात. कुसुमांजलिकार उदयनाचार्यांनी अनुमानावर शंका घेत राहणाऱ्याला उत्तर दिले आहे की शंकेची मर्यादा तेथे येते जेथे ती शंकाकाराच्या स्वतःच्याच वागण्याशी विसंगत ठरते. जेवल्याने भूक भागेल की नाही अशी शंका काढणाराही भूक लागली की जेवायलाच बसतो. मिस्त्रीही आपल्या अनुमानावरची शेवटची शंका अशी वागण्यातच, त्या रस्त्यावर, फेडून घेतात. खड्डे येतात, टकटक होत नाही. नंतर उजव्या बाजूने, ब्रेक सोडताना, एक निराळा बारीक आवाज येतो, जो पहिल्या आवाजाखाली इतके दिवस बुडून गेलेला असतो. मालक अस्वस्थ होतो. मिस्त्री गाडी बाजूला घेऊन उभी करतात, हा दुसरा आहे, पहिल्याशी त्याचा संबंध नाही, असे सांगतात, आणि तो केव्हा केव्हा येतो हे आठवडाभर ध्यानात ठेवायला सांगून फक्त पहिल्या कामाचे पैसे घेतात.